कुंदाबाईचे अडतीस गुण

मी प्रश्नावली बोलतेय. दोन पानांची, वीस वाक्यांची. कागद पिवळा पडलाय, कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटलाय, पण अजून वाचता येते. आजवर मीच माणसांना विचारत आले. मला कुणी विचारलं नाही, म्हणून आपणहून सांगते.

माझा जन्म इंग्रजीतला. कुण्या विद्वानाने मला विलायतेत तयार केलं आणि १९५६ साली मी टपालाने धुळ्याला आले. तेव्हा धुळे जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत. तिथे बायांना मास्तरीण करायचं एक ट्रेनिंग कॉलेज होतं. तिथल्या लीलाधर मास्तरांनी मला मराठीत आणलं. एकेका शब्दापायी दिवस घालवला बिचाऱ्याने. खाली सही केली, 'लीलाधर सुपडू पाटील', आणि मला सायक्लोस्टाइलवर काढलं. त्यातली पहिली प्रत ती मी.

माझं काम काय? बाई मनातल्या मनात स्वतःला किती बोल लावते, ते मोजायचं. 'माझ्या हातून काम नीट होत नाही.' 'इतर बायका माझ्यापेक्षा हुशार आहेत.' अशी वाक्यं. पुढे नेहमी, कधीकधी, कधीच नाही. नेहमीला दोन गुण, कधीकधीला एक, कधीच नाहीला शून्य. एकूण चाळीस. जितके गुण जास्त, तितकी बाई स्वतःला आतून खाणारी.

हे मला नुसतं सांगितलेलं होतं. मी खरंच तेच मोजते का, हे मलाही ठाऊक नव्हतं. फार उत्सुकता होती.

त्याच सुमारास शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यातल्या गावांना मास्तरणी हव्या होत्या. एका गावी एकटी बाई. वरचे साहेब म्हणाले, "स्वतःला खाणारी बाई तिथे टिकायची नाही. तिसाच्या वर गुण असतील ती बाद."

चाळीस बायांनी मला भरलं. छत्तीस जणी तिसाच्या वर! सगळ्यांत वर यावलची कुंदाबाई, अडतीस गुण. नवऱ्याने टाकलेली. बाद झाली तर भावाच्या दारी परत जायचं आणि दुसऱ्याच्या केळीत रोजाने राबायचं. भावजयीने निघतानाच सांगितलं होतं, "आता पगार घेऊनच ये." नोकरी हाच तिचा आसरा, आणि तो माझ्या दोन पानांवर येऊन अडला.

साहेब खूश झाले. एका कागदाने छत्तीस अर्ज निकालात निघाले, कोण नाही होणार? मास्तर मात्र डोकं खाजवत बसले. शेवटी म्हणाले, "साहेब, भाषांतर झालं म्हणजे माप झालं असं नाही. तपासायला पंधरा दिवस द्या."

साहेबांनी कुरकुरत दिले.

मास्तर मला घेऊन थेट बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे भडगावकडची भिकुबाई होती. चौथी पास, तोंडाने फटकळ. या बायांना रोज दोन वेळा डोळ्यांसमोर जेवताना बघणारी तीच.

"अक्का, चूक झाल्यावर कोण स्वतःला खात बसतं? पहिली कोण, शेवटची कोण, तुम्हीच सांगा."

"ते ताटावरून कळतं, भाऊ. पहिली लताबाई. पाठ चुकला की दोन दिवस भाकरी मोडत नाही. वर विचारलं तर म्हणते, मजेत आहे. आणि शेवटची तुमची ती कुंदा."

"कुंदाबाई?"

"परवा साहेबांसमोर गुणाकार चुकवला. पदराने फळा पुसला, पुन्हा मांडला. रात्री तीन भाकरी हाणल्या आणि घोरत पडली."

मास्तरांनी माझे आकडे बघितले. लताबाई, एक गुण. कुंदाबाई, अडतीस. मी साफ उलटी निघाले होते. लाज वाटली, पण कान टवकारले. असं का?

भिकुबाईने हळदीच्या हातानेच मला उचललं. अडखळत दोन्ही पानं वाचली. मग मास्तरांवरच उखडली.

"भाऊ, काल भरीत खाऊन काय म्हणाले तुम्ही?"

"झकास झालंय म्हणालो."

"मंग मी काय बोलली?"

"कसलं झकास, मीठ जास्त व्हयनं."

"व्हयनं व्हतं का?"

"नाही. मीठ बेताचंच झालं होतं."

"मंग मी येडी शे का?"

मास्तर हसायला लागले. ती हसली नाही.

"माझं नाव भिकू. भावाचं उखर्डू. आमच्याआधी तीन लेकरं गेली. आईनं काळाला सांगितलं, ही भिकेची, हे उकिरड्यावरचं, यांच्यात नेण्यासारखं काही नाही. विचारा तुमच्या या कागदाला, आईची आमच्यावर माया होती का नव्हती? का तिलाही अडतीस द्याल?"

मास्तरांची नजर माझ्या तळाशी गेली, स्वतःच्या सहीवर. बापाचं नाव सुपडू. आजीने त्यालाही जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं होतं.

तेव्हा मला उमगलं. मी चाळीस बायांच्या गालांवरचे काजळाचे ठिपके मोजत होते आणि त्यांना डाग म्हणत होते. दृष्ट लागू नये म्हणून बाई स्वतःला कमी सांगते. तो इथला रिवाज, दुखणं नव्हे.

मास्तरांनी माझी अकरा वाक्यं खोडली. नवी लिहिली. 'चूक झाली की त्या दिवशी घास उतरत नाही.' 'चार दिवसांनीही ती चूक डोळ्यांपुढे येते.' बायांनी पुन्हा भरलं. या खेपेला माझे आकडे आणि भिकुबाईचं एकेकीबद्दलचं म्हणणं बहुतेक जुळलं. कुंदाबाईला नऊ गुण.

"स्वयंपाकिणीच्या सांगण्यावर शास्त्र चालवता?" साहेब गुरकावले.

"ती रोज दोनदा बघते, साहेब. तुम्ही महिन्यातून एकदा येता."

साहेबांनी सही केली. कुंदाबाई पत्र्याची ट्रंक घेऊन शिरपूरच्या गाडीत बसली.

लताबाईने मात्र नव्या वाक्यांपुढेही ओळीने 'कधीच नाही' लिहिलं होतं. साहेब तिला पहिली पाठवणार होते. भिकुबाई दारात आडवी उभी राहिली, "हिला एकटीला धाडू नका." म्हणून लताबाई भडगावला, तिच्या मावशीच्या गावी, नोकरीला लागली.

तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, दोघी भेटायला आल्या.

"काय कुंदाबाई, शाळा कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कसली शाळा, मास्तर! गळकं छप्पर आणि चार पोरं."

"चाळीस असतील," भिकुबाई आतून ओरडली.

"त्रेचाळीस," कुंदाबाई हळूच म्हणाली, आणि सगळे हसले.

"आणि लताबाई, तुमचं?"

"मजेत आहे."

कुणी हसलं नाही. भिकुबाईने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि ती जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिली.

मास्तरांची बदली झाली, मीही त्यांच्यासंगे जळगावला आले. आता १९६० साल. कपाटात पडून असते. खुशाल काढा मला, भरून घ्या. फक्त गुण मांडण्याआधी त्या बायांच्या पंगतीला एकदा जाऊन बसा. लताबाईसाठी माझ्याकडे अजून एकही वाक्य नाही. कुणाला सुचलं, तर माझ्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. जागा आहे.