गरिबांची खाट

"म्याडम, पाया पडते. ह्यास्नी हितंच ठेवून घ्या की."

वळसंगची शिवम्मा टेबलाचा कोपरा घट्ट धरून उभी होती. दारात स्ट्रेचरवर तिचा नवरा गुरुलिंग. चिंचा झोडताना झाडावरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं.

झीनत सोलापूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात समाजसेविका होती. गरिबांसाठी राखलेल्या मोफत खाटा कुणाला द्यायच्या, याची चौकशी ती करायची; मंजुरी दवाखान्याचे व्यवस्थापक अजिनाथ सर द्यायचे. एकही खाट रिकामी नाही, असं सरांनी सकाळीच सांगितलं होतं.

"जागाच नाही हो, मावशी. सरकारी दवाखान्यात न्या."

"तुमी म्हंता म्हंजी नसंलच." नवऱ्याला कानडीत काहीतरी समजावत शिवम्मा निघाली.

दुपारी नर्सनं झीनतला वॉर्डात बोलावलं. मोफत खाटेवरचा एक पेशंट दवाखान्याचं जेवण परत पाठवत होता. झीनतनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं. बोटांत अंगठ्या, उशाशी ड्रायव्हर उभा.

"ट्रस्टी आबासाहेबांचा साडू मी," तो म्हणाला. "अजिनाथनं सकाळीच सोय केली."

झीनत तशीच सरांच्या खोलीत गेली. ती कॉलेजात असताना तिच्या अम्मीचं ऑपरेशन याच माणसानं मोफत खाट देऊन करवून दिलं होतं. तेव्हापासून तिला हेच काम करायचं होतं.

"मला खोटं का सांगितलंत, सर? त्या बाईला मी परत पाठवलं."

"तू सांगितलंस की लोक ऐकतात गं."

झीनत दाराकडे वळली.

"आणि एवढं लावून घेऊ नकोस," सर म्हणाले. "तुझ्या अम्मीच्या वेळी तरी कुठं जागा होती? तुझे अब्बा ट्रस्टींच्या घरचे शिंपी, म्हणून झालं. अक्कलकोटची एक बाळंतीण परत पाठवली होती मी."

"तिचं काय झालं?"

"कुणाचं?"

"त्या बाळंतिणीचं."

सरांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी झीनत सरकारी दवाखान्यात गेली. गुरुलिंगला खाट मिळाली होती. पाय वजन लावून ताणून ठेवला होता. खाली वाकळ अंथरून बसलेली शिवम्मा तिला बघून हरखली, सरकून जागा करत म्हणाली, "आमास्नी बघाय आलाव व्हय? बसा की."

झीनत बसली नाही. "मावशी, खाट होती. मला खोटं सांगितलं होतं. पण होती. उद्या चला, मी भांडून मिळवते."

शिवम्मानं नवऱ्याच्या ताणलेल्या पायाकडे बघितलं.

"आता न्हाय हलवायचं त्यास्नी," ती म्हणाली. "रिक्षात लई वरडलेत."

मग ती उठली. खालची वाकळ तिनं उचलली, झटकली आणि नवऱ्याच्या अंगावर घातली.