आबांची मोजकाठी

एका आठवड्यात तिसऱ्यांदा जीप खाणीच्या चढावर बंद पडली. ना खोकली, ना गचके दिले. कुणी नरडं दाबावं तशी चालता चालता मेली. पंधरा-वीस मिनिटं गेली आणि पुन्हा अशी सुरू झाली, की जणू ती त्या गावचीच नव्हे!

जीप आबांची. चोवीस वर्षं त्यांनी तिच्यातून खाणीवरची माणसं ने-आण केली. डोळे अधू झाले तेव्हा स्टिअरिंग जावयाकडे गेलं. स्टिअरिंग गेलं, चावी नाही. रोज संध्याकाळी जावयाने चावी आबांच्या तळहातावर ठेवायची आणि सकाळी मागून घ्यायची. गडी मुकाट्याने तेही करायचा. इतकं ऐकणारा माणूस सरळ कसा असेल, हा आबांचा सवाल.

शिवाय दोन महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता, "आबा, ही आता थकली. विकून दुसरी घेऊ." झालं! त्या दिवसापासून आबांनी त्याला पाण्यात पाहायला सुरुवात केली. डिझेल चोरतोय की काय, म्हणून एक काठी केली. टाकी सीटखालीच, तोंड सरळ. रोज संध्याकाळी जावई हातपाय धुवायला गेला की आबा काठी टाकीत बुडवायचे. डिझेल किती उरायला हवं, तिथे काठीला निळ्या चिकटपट्टीचे वेढे. मग काठी पिंपामागे लपवायची. आणि कहर म्हणजे, दोनदा ती खूणच गायब झाली. नीट दिसेना म्हणून आबांनी काठी वरखाली चाचपली; पट्टी नाहीच. म्हणजे काठी जावयाला सापडली होती, आणि लबाडाने खूण काढून टाकली होती! आबांनी दर वेळी नवी पट्टी आणखी घट्ट गुंडाळली. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

आज सकाळी त्यांच्या तोंडून गेलंच. "जावईबापू, गाडी मरत नाहीये, मारली जातेय. टाकीत काय टाकलंत तेवढं सांगा."

जावयाआधी मुलगीच बोलली. "आबा, हे शब्द मागे घ्या. नाहीतर संध्याकाळच्या बसने आम्ही दोघं जातो."

"गॅरेजमध्ये काय ते कळेल," आबा म्हणाले. मागे पाहिलं तेव्हा ती ट्रंकेत कपडे भरत होती. बायको गेल्यावर याच दोघांमुळे घरात आवाज होता. ही गेली की ते घर खायला उठणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण माघार घेतील तर ते आबा कसले!

गॅरेज चालवायची एक बाई. नवऱ्यापेक्षा तिचा हात चांगला, असं लोक तो जिवंत असतानाच म्हणायचे. तिने बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले.

"बंद पडताना काळा धूर?"

"नाही," जावई म्हणाला.

"गरम होते?"

"काटा जागेवर असतो."

"याला काय विचारता?" आबा उसळले. "तो सांगणार तेच ना, जे त्याला सांगायचंय!"

"आबा, तुम्ही त्या स्टुलावर बसा. गप्प बसायचे पैसे घेणार नाही मी."

तिने टाकीची नळी काढून ठेवली आणि बॉनेटवर डिझेलचा डबा टांगून त्यातून इंजिनला नळी दिली. तास झाला, इंजिन गुमान चाललं. मग पुन्हा टाकीची नळी जोडली. बाराव्या मिनिटाला खलास. डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबला तर आत गेला तो वरच येईना.

"इंजिन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "टाकीत काहीतरी आहे. ओढ लागली की नळीच्या तोंडावर बसतं, इंजिन थांबलं की खाली पडतं."

"पाहिलंत!" आबा उठलेच. "मी सकाळपासून कंठशोष करतोय. कुणीतरी टाकलंय!"

जावई खाली बघत नट सोडवत होता.

टाकी उतरवली आणि डिझेल कापडातून घमेल्यात गाळलं. बाईने कापड बाकावर पसरलं. त्यावर वळवळून पडलेल्या तीन निळ्या पट्ट्या होत्या. तिने एक बोटांवर ताणली. "याचा डिंक डिझेलमध्ये विरघळतो. कुणी घातली ही आत?"

आबांनी पट्ट्या ओळखल्या. दोन गायब झाल्या होत्या त्या, आणि तिसरी परवाची, चांगली घट्ट गुंडाळलेली. कुणी काढल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी एकेक करून टाकीत सोडल्या होत्या.

जावयाने पट्ट्यांकडे पाहिलं, मग आबांकडे. "जुनी गाडी आहे, बाई," तो म्हणाला. "पडतो कचरा."

हा मला का वाचवतोय? आबांना वाटलं. यात याचा काय डाव? आणि असं वाटल्याबरोबर त्यांना स्वतःचीच किळस आली. पण तोंड उघडायचा धीर काही झाला नाही.

परतताना जीपने तो चढ एका दमात काढला. दारात मुलगी ट्रंकेवर बसली होती.

"काय निघालं?"

जावई सरळ पिंपाकडे गेला. उत्तर द्यायचं होतं ते आबांनाच.

"माझी चिकटपट्टी," आबा म्हणाले. "मी रोज टाकीत काठी घालून डिझेल मोजत होतो. तुझा नवरा चोर आहे, म्हणून. चोर तो नाही. गाडी मी बंद पाडली. चुकलो मी, पोरी." आणि जावयाकडे वळून, "चुकलो हो."

जावई काठी घेऊन आला. खिशातला चाकू काढून त्याने पट्टी असायची तिथे खोल खाच पाडली, फुंकर मारली आणि काठी आबांपुढे धरली.

"पट्टी सुटते, आबा. खाच सुटत नाही. मोजल्याशिवाय तुम्हाला झोप यायची नाही."

त्याच्या आवाजात टोमणा आहे का, हे आबांनी नीट कान देऊन ऐकलं. नव्हता. म्हणून तर त्यांना जास्त लागलं. त्यांनी काठी घेतली नाही. सवयीप्रमाणे जावयाने चावी पुढे केली, तेव्हा त्यांनी त्याची मूठ चावीवर मिटवली.

"राहू दे तुमच्याकडे. आजपासून."

बसची वेळ जवळ आली होती. मुलगी उठली, ट्रंकेची एक कडी धरली आणि दाराकडे नव्हे, घराकडे तोंड केलं.

"उभे काय राहिलात, आबा? धरा की दुसरीकडून. जड आहे."