भरल्या तोंडाला बोलणी

आमच्या पाण्यात अंडी बाई घालते आणि सांभाळतो पुरुष, तोंडात. पिल्लं बाहेर येईस्तोवर त्यानं खायचं नाही की बोलायचं नाही. तेवढे दिवस बाई खालच्या गार पाण्यात जाऊन गेलेली ताकद भरून काढते. त्यामुळे माझा भाऊ तांबुलो तोंड भरून बसला, तेव्हा आख्ख्या प्रवाळानं हुश्श केलं. एवढा वाचाळ दुसरा नव्हता आमच्यात.

तोंडभऱ्याला कुणीही येऊन काहीही बोलावं, ही आमची रीत. घरच्यांनी बोलणाऱ्याला हाकलायचं नाही. लोक एखादा टोमणा मारतात, हसतात, जातात. दुरांगकाका मात्र रोज भरतीबरोबर हजर! गेल्या शिंपल्यांच्या जेवणात तांबुलो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काकांच्या तोंडाला असा वास येतो, की अंडी आतल्या आत नासतील!" काकांना आजवर एकाही बाईनं अंडी देऊ केली नव्हती. ते जेवण अर्धं टाकून निघून गेले होते.

आता त्यांची पाळी होती. भावाच्या गालाला तोंड लावून ते ओरडायचे, "अरे निर्लज्जा! कुठं गेली ती जीभ? तुझ्यापेक्षा समुद्रकाकडी बरी, निदान वाळू तरी साफ करते!"

तांबुलोचे कल्ले रागानं फडफडायचे. मला तर काकांची शेपटी धरून भिरकावून द्यावंसं वाटायचं.

मी पिल्लांची आत्या. त्यांना आवाजाची ओळख करून द्यायचं काम माझं. पिल्लं जबड्याच्या हाडातून ऐकतात, आणि बाहेर पडली की ओळखीच्या आवाजाकडे जाऊन त्याच तोंडात शिरतात, पर घट्ट होईपर्यंत. आवाज ओळखला नाही तर ओहोटी त्यांना प्रवाळाबाहेर ओढून नेते. मग ती परत येत नाहीत. म्हणून मी रोज गायचे, आईनं शिकवलं तसं, अगदी हळू.

भावाच्या ताणलेल्या गालातून काळे ठिपके दिसायचे, पिल्लांचे डोळे. ते न्याहाळायचा मला नादच लागला. मी गायले की ठिपके जागच्या जागी. काका ओरडू लागले की सगळे त्या बाजूला गोळा! बिचारी घाबरत असतील, असं मला वाटायचं.

पिल्लं सोडायच्या दिवशी सारे जमले. काकाही आले, पण लांब, गवतापाशी, गप्प. एवढी लाज त्यांना होती. तांबुलोनं तोंड उघडलं. पिल्लं बाहेर आली, पारदर्शक, नखाएवढी. मी गायले. ती घुटमळली. मी पुन्हा गायले, जोरात. एकही वळलं नाही. ओहोटी लागली आणि घोळका कडेकडे सरकू लागला. तांबुलो वेड्यासारखा हात पसरून आडवा झाला, पण पिल्लं त्याच्या बोटांमधून निसटत होती.

तेव्हा मला ते ठिपके आठवले.

"काका, शिव्या द्या!" मी किंचाळले.

"आज? अगं, मला काय समजलीस तू?"

"द्या म्हणते ना! रोजच्यासारख्या!"

काका गवतापासून पुढं आले. मग एकदम ओरडले, "अरे निर्लज्जा! कुठं गेली ती जीभ?"

घोळका थबकला. वळला.

"समुद्रकाकडी बरी तुझ्यापेक्षा! निदान वाळू—"

वाक्य अर्धंच राहिलं, कारण पिल्लं सरळ त्यांच्या तोंडात शिरली. शेवटचं पिल्लू आत गेलं तसं काकांनी हलकेच तोंड मिटलं. डोळे मोठ्ठे. गाल फुगलेले. जन्मात पहिल्यांदा.

आता तोंडभरे काका होते, आणि माझ्या भावाचं तोंड मोकळं. इतक्या दिवसांची परतफेड तो कशी करतो, ते ऐकायला सगळे पुढं सरकले. तांबुलो काकांच्या गालापाशी गेला. उपासानं त्याचा आवाज बसला होता.

"काका," तो म्हणाला, "वास येत नाही तुमच्या तोंडाला. कधीच नव्हता."

काका उत्तर देऊ शकत नव्हते. पण त्यांच्या गालातले सगळे ठिपके तांबुलोच्या बाजूला जमा झाले.