सहपत्र : पिंप, एक नग

विषय : ओहो सेको गावच्या चौकातील नियोजित पुतळ्यात घोड्याऐवजी पिंप बसवणेबाबत.
संदर्भ : सिनेनट श्री. एबेरार्दो लुहान यांचा अर्ज.
सहपत्र : पिंप, एक नग.

वरील सहपत्र म्हणजे मी. मीच बोलतोय. मला अर्जाला टाचता येईना, म्हणून आवक विभागातल्या नीवेसबाईंनी अर्जच माझ्या पोटावर खिळ्याने ठोकला आणि शेजारी नगरपालिकेचा जांभळा शिक्का मारला. अर्ज कोणी वाचत नाही, हे इथे बसून कळलं. म्हणून तोंडी सांगतो.

मी ओकच्या फळ्यांचा. माझं बालपण राजधानीतल्या एका गुत्त्यात गेलं. घायपाताच्या रसाची आंबूस पुल्के पोटात घेऊन मी सहा वर्षं उभा होतो. माणसं प्यायली की खरं बोलतात, असं म्हणतात. मी ऐकलेलं बहुतेक खोटंच होतं. त्यामुळे पुढे सिनेमात गेल्यावर मला परकं वाटलं नाही.

गुत्ता बंद पडला आणि फिदेन्सियो बारागान मला घेऊन गेला. स्टुडिओत खुर्च्या, पिस्तुलं, खोटी झाडं, खोटे पाव, जे लागेल ते पुरवणारा सामानवाला. सगळे त्याला मास्तर म्हणत.

त्या काळात आमच्याकडे दर दुसऱ्या चित्रपटात चांदीच्या बटणांचा घोडेस्वार असे. तो घोड्यावर बसून पोरीच्या सज्जाखाली गात असे. एबेरार्दो तेव्हा ट्रामवर कंडक्टर होता. तिकिटं फाडताना गायचा, ते कोणीतरी ऐकलं आणि त्याला नायक केलं. आवाज होता, मिशी होती, छाती होती. अडचण एकच होती. पहिल्या दिवशी घोड्याने त्याच्याकडे पाहिलं, त्याने घोड्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही नकार दिला.

"अरे, तू नायक आहेस की पार्सल?" दिग्दर्शक ओरडला. "चढ की!"

"साहेब, ट्रामला धरायला दांडा असतो. याला कुठे धरू?"

सगळं युनिट हसलं. फिदेन्सियो तेवढा हसला नाही. त्याने तासाभराची मुदत मागितली, मला आडवं केलं, खाली ट्रकच्या जुन्या स्प्रिंगा बसवल्या, वर खोगीर आवळलं, आणि लगामाची टोकं हातात धरून स्वतः माझ्यापुढे जमिनीवर उकिडवा बसला.

"बस, पोरा. मान वर ठेव आणि गा. घोड्याचं मी बघतो."

तो लगामाला हिसके द्यायचा, मी डुलायचो, मागे रंगवलेले ढग सरकायचे. नटाच्या कमरेखालचं कॅमेऱ्यात येत नसे. कमरेखाली आम्ही दोघं होतो, मी आणि फिदेन्सियो. लांबून दौडायचं असलं की एक खरा स्वार पाठ फिरवून दौडायचा.

अशा चौदा चित्रपटांत एबेरार्दो माझ्यावर बसून गायला. बायका थिएटरात रडल्या, पुरुषांनी मिशा वाढवल्या. फिदेन्सियोचं नाव एकाही चित्रपटाच्या नामावलीत आलं नाही. घोड्याचं मात्र यायचं. "विजेचा लोळ", असं ठळक अक्षरात.

मग घोडेस्वारांची हौस फिटली आणि एबेरार्दो नाइटक्लबातला गुंड झाला. मी शेजारी उभा राहून डोक्यावर ग्लास सांभाळले. तो पाद्री झाला, मी चर्चच्या तळघरात वाइनचा साठा झालो. पुढे मुखवटेवाल्या पैलवानांनी भुतांशी कुस्ती खेळण्याची लाट आली. तेव्हा तो प्रेतं उठवणारा शास्त्रज्ञ झाला. मला रुपेरी रंग दिला, दिवे लावले, आणि मी यंत्र झालो. त्या यंत्राची घरघर फिदेन्सियो माझ्या पोटात बसून काढत असे. त्यानंतर वाळवंटातला दरोडेखोर आला. पहिल्या वीस मिनिटांत गोळी खाऊन तो माझ्यावरच कोसळायचा. शेवटी टीव्हीवरचा प्रेमळ आजोबा. त्या कामात कोसळायचं नसतं, नुसतं खोकायचं असतं.

"मास्तर, पेपरवाला लिहितो, माझी घसरण झाली," एबेरार्दो एकदा म्हणाला.

"घसरायला घोड्यावर असावं लागतं, पोरा. तू पिंपावर होतास."

फिदेन्सियो गेला तेव्हा स्टुडिओने पुष्पचक्र पाठवलं. फितीवर नाव होतं फेदेरिको. एबेरार्दोने सगळ्यांसमोर ती फीत काढून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओच्या भंगारातून मला उचलून घरी घेऊन आला. अंगणात डोक्यावर कुंडी घेऊन मी बरीच वर्षं काढली. घोड्याला निवृत्तीनंतर कुरण मिळतं. मला जिरेनियम मिळालं.

आता मुद्द्याचं. ओहो सेको हे एबेरार्दोचं जन्मगाव. इथे माणसाची किंमत खोगिरावर ठरते. गावच्या जत्रेत दरवर्षी तो मिरवणुकीच्या पुढे असे, पण उघड्या मोटारीत. पाठ दुखते, असं सांगायचा. चाळीस वर्षं गावाने त्या पाठीची काळजी केली. मलमं पाठवली. आणि त्याचं वय चौऱ्याऐंशी झालं तेव्हा ठरवलं, की चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा उभारायचा.

चौथऱ्याच्या समारंभाला शिल्पकारासाठी एक पांढरा घोडा आणला होता. नगरपालिकेचे सचिव ओसुना हसतमुखाने पुढे झाले. "साहेब, एकदाच बसा. माप घेतलं की उतरा. आम्ही चौघं धरतो."

एबेरार्दोने माइक घेतला. "ऐका रे. मी आयुष्यात कधी घोड्यावर बसलेलो नाही. मी पिंपावर बसायचो. लगाम फिदेन्सियो बारागान ओढायचा."

मग अख्खा चौक हसायला लागला. टोप्या उडाल्या, बँड वाजला. "म्हाताऱ्याची जीभ अजून तिखट आहे!" असं कोणीतरी ओरडलं. त्याने तीनदा सांगितलं, तीनदा टाळ्या पडल्या. जन्मभर खोटं खरं करून दाखवलं त्याचं कौतुक झालं, आणि एकदा खरं बोलला तर ते विनोदात जमा झालं.

पुढच्या सोमवारी तो मला टेम्पोत घालून नगरपालिकेत घेऊन आला. सोबत अर्ज : पुतळ्यात अर्जदार पिंपावर असावा, आणि पुढे लगाम धरून उकिडवा बसलेला फिदेन्सियो असावा.

ओसुनांनी चष्मा काढला. "साहेब, ब्राँझचं पिंप? लोक म्हणतील, नगरपालिकेने चौकात कचराकुंडी बसवली."

"म्हणू देत. निदान कचरा तरी उचलला जाईल."

"आणि घोडेस्वार मंडळाला मी काय तोंड दाखवू? त्यांच्या पोरांची नावं एबेरार्दो आहेत!"

"माझं नाव कशाला ठेवलं त्यांनी? मी ट्रामवाला. त्यांना म्हणावं, मी घोड्याला भितो. अजून भितो. तुमच्या त्या पांढऱ्यालासुद्धा भ्यालो."

"हे बघा, घोडा राहू द्या. खाली एक छोटीशी पाटी लावू, मास्तरांच्या नावाची."

"खाली?" एबेरार्दोने काठी आपटली. "जन्मभर खालीच होता तो. माझ्या चित्रपटांत खाली, पुतळ्यातही खाली? घोडा बसवलात तर माझा चेहरा मिळायचा नाही. चेहरा माझा आहे, मी लिहून देणार नाही. घोड्यावर तुम्ही बसा."

"मग चौथरा रिकामा राहील, साहेब."

"राहू द्या. रिकामा चौथरा खोटं बोलत नाही."

ओसुना बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. कदाचित माझ्यात घोडा शोधत असतील. मग त्यांनी अर्जावर "विचारार्थ" असं लिहिलं. सरकारी भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो, ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. चौथऱ्यावर पोरं चढतात, कबुतरं बसतात. घोडेस्वार मंडळाने विरोधाचं पत्र दिलं, तेही माझ्याच पोटावर ठोकलंय. मधल्या सुट्टीत कारकून माझ्यावर बसून जेवतात. ते बसले की मी थोडा डुलतो, स्प्रिंगा अजून शाबूत आहेत. परवा एक कारकून डुलता डुलता गायला लागला, तर नीवेसबाई म्हणाल्या, "अहो, उठा! ते कागदपत्र आहे."

माझी कोणाकडे दयेची याचना नाही. मी घोडा नाही, आणि घोडा म्हणून मला मिरवायचंही नाही. ज्यांनी सज्जाखालची ती गाणी ऐकली आणि डोळे पुसले, त्यांनी पिंपाच्या डुलण्यावर डोळे पुसले. ते अश्रू परत करायची गरज नाही, खरेच होते. फक्त डुलवणारा कोण होता, ते चौकात दिसू द्या.

एबेरार्दो दर गुरुवारी येतो. आता शहाऐंशीचा आहे. खिडकीपाशी उभा राहून विचारतो, "माझ्या अर्जाचं काय झालं?"

"सभेपुढे जाईल, साहेब," नीवेसबाई सांगतात. "मागच्या वेळी गणसंख्या भरली नाही."

"मग पुढच्या गुरुवारी येतो."

त्याप्रमाणे काल तो येऊन गेला. अर्ज प्रलंबित आहे. पुढील सभेची तारीख ठरलेली नाही.