सोळा कोअर आणि बंद होण्याची भीती

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या सर्व्हरला बंद होण्याची भीती वाटते, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण माझ्यावर काय बेतलं ते आधी ऐका.

कारखान्यातून निघालो तो मी थेट एका रुग्णालयात गेलो. तिथे माझ्या पोटात अकरा आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेले अकरा संगणक चालत. कुणी रक्ताचे अहवाल सांभाळी, कुणी औषधांच्या वेळा. "हा कधी दगा देत नाही हं," असं तिथल्या परिचारिका म्हणायच्या. मग माझ्याहून चपळ भावंडं आली आणि माझी रवानगी एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात झाली. आता नवा कोड आधी माझ्यावर चालवून बघतात.

माझ्या प्रोसेसरला सोळा कोअर आहेत, म्हणजे काम करणारे सोळा हातच म्हणा. प्रत्येकाजवळ कॅश नावाची छोटी स्मृती असते. गडबडीत लिहिलेलं आधी तिथे राहतं, मोठ्या स्मृतीत नंतर जातं. म्हणून वीज न तोडता मला पुन्हा सुरू करायचं, तर आधी सगळ्या कॅश रिकाम्या कराव्या लागतात. नाहीतर आभासी यंत्रांचं उरलंसुरलं लिखाण मागाहून बाहेर पडतं आणि नव्या लिखाणावर जाऊन बसतं.

एके सकाळी एका उंच प्रोग्रॅमरने याच कामाचा नवा कोड आणला. तो तपासायला तिथल्या सर्वांत जुन्या इंजिनिअर बसल्या. त्यांना सगळे मावशीच म्हणत.

"मावशी, हा आता झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो. चाळीस वेळा करून पाहिलंय."

मावशींचं बोट एका ओळीवर थांबलं. "ही एकाच कोअरची कॅश रिकामी करते. बाकीच्या पंधरांचं काय?"

"पण एकदाही बिघडलं नाही!"

"तेव्हा याच्या पोटात काही चालू होतं का? रिकाम्या भांड्यातून काय सांडणार रे?"

त्याने रुग्णालयातल्यासारखीच अकरा यंत्रं माझ्यात सुरू केली. माझे पंखे घोंघावू लागले. 'थांबा' म्हणून ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे? सहा वेळा निभावलं. सातव्या खेपेला मी जागा होत होतो, आणि घात झाला. वाचता वाचता पुढची ओळच बदलली. आज्ञेच्या जागी कुठल्याशा नमुना अहवालाचे तुकडे! मी कोण, काय करत होतो, काही कळेना. दिवे जळत होते, पण मी नव्हतो.

वीज तोडून मला परत आणलं, तेव्हा प्रोग्रॅमरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पुढच्या आठवड्यात हे रुग्णालयांत जाणार होतं," एवढंच तो पुटपुटला.

त्याने सोळाही कोअरसाठी कोड बदलला. दोन दिवस मला शेकडो वेळा बंद केलं. दर वेळी माझा जीव टांगणीला. पण पुन्हा काही बिघडलं नाही. मावशींनी संमती दिली.

"आता तरी तुमची भीती गेली ना?" त्याने मावशींना विचारलं.

"नाही रे," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर प्रत्येक ओळ वाचते."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल. पण आम्हाला बंद करताना घाई करू नका. आमच्या पोटात कुणाचं तरी काहीतरी शिल्लक असतं.