दोन ठोके उशीर

विहिरीच्या काठावर त्या दिवशी सकाळीच भांडण जुंपले. ते मजुरीवरून नव्हते आणि बांधावरूनही नव्हते. ते गाण्यावरून होते.

"हा डबा आधी बंद कर," दाजी म्हणाले.

ठेक्याने काठाच्या दगडावर ठेवलेला रेडिओ असा दणाणत होता, की वाटावे, पत्र्याच्या पिंपात कोणी खडे भरून ते उतारावरून सोडून दिले आहे.

"बंद केला तर रहाट कशाच्या जोरावर फिरवू? तुमच्या रडगाण्याच्या?"

"रडगाणं नाही ते. ऐकायला कान लागतात."

"कान आहेत मला, दाजी. वेळ नाही. तुमचा एक सूर संपेपर्यंत आमची तीन गाणी होतात, नाचून होतं, वर घाम पुसूनही होतो."

दाजी हे ठेक्याच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सारे गाव त्यांना दाजीच म्हणे. ठेक्याची बोटे मांडीवर, भिंतीवर, जेवणाच्या ताटावर सदैव ताल धरीत. म्हणून त्याचे नाव तसे पडले होते. दोघे मिळून विहिरी खोल करण्याची कामे घेत, आणि मी शेजारी या नात्याने रहाटाची दुसरी मूठ धरीत असे. संथ गाण्याचा नाद मलाही होता. त्यामुळे या वादात माझे मत दाजींच्या बाजूने आधीच पडलेले असे, आणि त्याचा मला थोडासा अभिमानही होता.

आमच्या कामाचा एक नियम होता. खाली उतरलेल्या माणसाने सतत गायचे आणि वरच्यांनी सतत ऐकायचे. गाणे थांबले, की काहीही न विचारता दोर ओढायचा. हा नियम हौसेतून आलेला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीत एक माणूस काम करता करता दम खायला बसला आणि पुन्हा उठला नाही. त्याने हाक मारली नाही, हातपाय झाडले नाहीत. विहिरीच्या तळाशी साचलेली वाईट हवा गळा धरत नाही, ती माणसाला निजवते. तो गेला तेव्हा वरचे लोक पिकाविषयी बोलत होते.

एरवी खाली ठेक्या उतरे. तो अंगाने हलका होता, आणि त्याची गाणी नियमाला सोयीची होती. त्यांत श्वास घ्यायलासुद्धा फट नसे. परंतु आदल्या दिवशी त्याचा घोटा मुरगळून सुजला होता. ज्याची विहीर आम्ही खोल करीत होतो त्या मळेवाल्याची झाडे पाण्यावाचून माना टाकू लागली होती आणि तो थांबायला तयार नव्हता. तेव्हा दाजींनीच काखेखालून दोर बांधला. तळाची हवा पारखायला कंदील खाली सोडून पाहिला. तो तळाशी नीट जळत राहिला. दाजी उतरले.

थोड्याच वेळात खालून पहारीचे घाव आणि त्यांच्या मधून दाजींचा सूर येऊ लागला. सूर लांबला, वळला, एका जागी रेंगाळला आणि थांबला.

ठेक्याचा चेहरा पांढरा पडला. "ओढ," तो म्हणाला, आणि मी काही म्हणण्याआधीच त्याने दोराला हिसका दिला. आम्ही चार हातांनी ओढले. दाजी वर आले ते कोपर खरचटून आणि संतापाने लाल होऊन.

"काय झालं?"

"गाणं थांबलं तुमचं."

"थांबलं नव्हतं. मी थांबलो होतो. ती गाण्यातलीच जागा आहे."

"मेलेला माणूसही थांबलेलाच असतो, दाजी. वरून फरक कसा कळायचा?"

दाजी पुन्हा उतरले. पुन्हा तसेच झाले, आणि या खेपेला खांदा दगडावर आपटला. मळेवाला वैतागून म्हणाला, "विहीर खणताय का माणूस वरखाली करताय?"

"तुम्ही माझ्यातलं एखादं गाणं म्हणा ना," ठेक्या काकुळतीला आला. "आजच्यापुरतं."

"पहार मारताना तेवढा दम माझ्या छातीत नाही. आणि असता तरी म्हटलं नसतं."

"मग मधून मधून नुसतं 'हो' म्हणत जा."

"ते लक्षात ठेवावं लागतं. काम करताना लक्षात राहतं ते फक्त गाणं."

आक्का भाकरी घेऊन आली होती. नवऱ्याचे खरचटलेले कोपर तिने पदराने टिपले, पण बोलली ती भावाशी. "तुला आवडत नाही, ठीक आहे. पण आवडत नाही म्हणून ऐकायचंच नाही, असं कुठे आहे? उद्या मी काय सांगू लोकांना, माझ्या भावाला कंटाळा आला म्हणून माझा नवरा गेला?"

ठेक्याने मान खाली घातली. दाजींनाही ते थोडे लागले असावे; घास गिळून ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. मी कुठेही भटकलो, कितीही थांबलो, तरी ठरलेल्या जागी येतो. तीस वर्षांत चुकलेलो नाही."

"किती वेळाने येता?"

"मोज की. मोजण्याशिवाय तुझ्याकडे आहे काय दुसरं?"

तो टोमणा होता. ठेक्याने मात्र तो कामासारखा उचलला. दाजी उतरल्यावर त्याने रेडिओ बंद करून बाजूला ठेवला, कान विहिरीकडे लावला आणि रहाटाच्या खांबावर बोटाच्या पेराने ठोके देऊ लागला. दाजी थांबले. ठेक्याच्या कपाळावर घाम आला. माझा हात दोराकडे गेला, तो त्याने अडवला. चौदा, पंधरा, सोळा. आणि सोळाव्या ठोक्यावर, केसाचेही अंतर न पडता, खालून सूर आला.

"अरे," ठेक्या पुटपुटला. "यात ठेका आहे."

"आहेच," मी म्हणालो, जणू तो मीच तिथे ठेवला होता.

"तसं नाही. तो इतका लांब लांब आहे की मला दिसत नव्हता."

दुपारभर त्याने मान वळवली नाही. प्रत्येक विरामात आमच्या तिघांचेही काळीज मुठीत येई, आणि प्रत्येक सोळाव्या ठोक्याला ते सुटे. आक्का घरी गेली नाही; गुडघ्यांना मिठी घालून काठावर बसून राहिली. वर येणाऱ्या पाट्यांतला गाळ आता काळा होता, कुजलेल्या पाल्याचा, ओला. मळेवाला तो चिमटीत घेऊन खुशीत म्हणाला, "ओल लागली. आता हातभर." जेवणानंतर कंदील पुन्हा सोडून पाहायला हवा होता. आमच्यापैकी कोणालाही ते सुचले नाही, आणि ती चूक मी आजही कोणा एकाच्या माथी मारू शकत नाही.

खाली दाजी गात होते. मी तर म्हणेन, रंगात येऊन गात होते. सूर मोकळा होता, मोठा होता. ते थांबले. ठेक्याचे पेर खांबावर पडत राहिले. सोळावा ठोका पडला. सतरावा. अठराव्याला सूर आला.

ठेक्याचा हात हवेतच थांबला.

"आले की," मी सुस्कारा सोडला.

"उशिरा आले." त्याचा आवाज ओळखू येईना. "दोन ठोके उशिरा. ओढा."

"अरे, गातोय ना तो," मळेवाला मध्ये पडला. "नियम काय आहे तुमचा? गाणं थांबलं तर ओढायचं. थांबलंय का? हातभर राहिलंय, आता काढू नका त्याला."

"गाताहेत, पण ते दाजी नाहीत. दाजी चुकत नाहीत."

मी क्षणभर घुटमळलो. मला काहीही वावगे ऐकू आले नव्हते, आणि संथ गाण्याचा जाणकार मी होतो, तो नव्हता. आक्का मात्र उठून दोराला लागली. तिला पाहून मीही लागलो. ठेक्याने सुजलेला पाय काठाच्या दगडाला रेटला आणि पाठ मागे टाकली. दाजी गातच वर येत होते. अर्ध्यावर गाणे थांबले. आता दोराला नुसते वजन होते.

वर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता आणि ओठ निळे पडले होते. आक्काने त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि ती त्यांच्या गालांवर चापट्या मारू लागली, आधी हलक्या, मग जोरात. मळेवाल्याने काही न बोलता कंदील पेटवून विहिरीत सोडला. अर्ध्याहून थोडा खाली गेला, आणि कोणी चिमटीत धरावी तशी ज्योत विझली. मळेवाला काठापासून चार पावले मागे सरकला.

किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही. ठेक्या मोजत नव्हता. शेवटी दाजी खोकले, ओकले, आणि त्यांनी डोळे उघडले.

"का काढलंत?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इतकं चांगलं मी उभ्या आयुष्यात गायलो नव्हतो. सगळं आपोआप येत होतं."

हे ऐकून आक्काच्या अंगावर काटा आला. तिने त्यांचा दंड घट्ट धरला. मीही खाली पाहिले, कारण वरून मला ते गाणे तसेच वाटले होते.

ठेक्या त्यांच्याशेजारी मातीत बसला. त्याचे दोन्ही हात दोराने सोलवटले होते.

"वाईट गात होतात, दाजी," तो म्हणाला. "फार वाईट."

दाजींनी त्याच्याकडे पाहिले. या माणसाने त्यांच्या गाण्याला आजवर नाना नावे ठेवली होती, पण चूक कधी दाखवली नव्हती.

"कुठे चुकलो?"

"जागेवर. दोन ठोके."

दाजींनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, आणि ते मनात मोजताहेत हे आम्हाला दिसले. मग त्यांनी चाचपडत ठेक्याचे मनगट धरले आणि सोडले नाही.