रेघ दिसली पाहिजे

माझी तान्ही ठमी झोपली की माझं घरातलं ऑफिस उघडतं, ती उठली की बंद. इतकी कडक शिस्त माझ्या कुठल्याच साहेबाला जमली नाही.

त्या दुपारी तिचा डोळा लागतोय तोच, ज्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी घरून सांभाळते तिथल्या मोठ्या सिस्टरांचा फोन. वॉर्डातल्या जुन्या प्रिंटरने अखेर मान टाकली होती. औषधांची यादी आता थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघायची; पण ज्याचा डोस आज बदललाय त्याच्या नावाखाली रेघ असते, आणि पडद्यावर एकही रेघ नव्हती.

"पाचला डोस द्यायचेत. अठ्ठावीस पेशंट. कुणाचा बदललाय ते मला स्वप्नात कळणार का?"

"पडद्यावरच कळेल. पाचच्या आत."

दुखणं मला लगेच कळलं. तो प्रोग्राम प्रिंटरच्या काळातला: आधी रेघ ओढायची, एका अक्षराचं घर मागे यायचं, तिच्यावर अक्षर छापायचं. कागदावर दोन्ही नांदतात. पडद्यावर एका घरात एकच मावतं. अक्षर आलं की रेघ गेली. यावर 'यूएल' नावाची एका ओळीची इवलीशी आज्ञा आहे. ती अशा जोड्या हेरते आणि पडद्याला त्याच्या भाषेत सांगते, इथे अधोरेखित कर. मी यादी तिच्यातून सोडली. माझ्या पडद्यावर रेघा झळकल्या. ऐटीत फोन लावला.

"नाही दिसत," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, मला इथे स्वच्छ दिसतायत."

"मग पेशंट तुझ्या घरी पाठवू का?"

चूक माझीच. आपल्या पडद्यावर बघून खूश झाले. त्यांचा पडदा इतका जुना की त्याला अधोरेखन येतच नाही. म्हणून यूएलने रेघा निमूट गाळल्या होत्या.

तेवढ्यात ठमी उठली.

"आई, घेता का हिला?"

"माझे हात पिठात आहेत गं!" सासूबाई आतून म्हणाल्या.

मग ठमी मांडीवर, तिच्या मुठीत माझी वेणी आणि एका हाताने माझं टायपिंग. यूएलची माहिती मी तिला अंगाईच्या चालीत वाचून दाखवली. तिसऱ्या परिच्छेदात सापडलं: आज्ञेला एक खूण जोडली की ती रेघ अक्षराखाली न ओढता खालच्या ओळीत डॅश मांडते. डॅश तर कुठलाही पडदा दाखवतो.

खूण जोडून यादी पुन्हा सोडली आणि फोन लावला तेव्हा साडेचार झाले होते. या वेळी ऐट नाही.

"सिस्टर, केसपेपर घ्या आणि एकेक ताडून बघा."

"दिसतायत गं! चार, नऊ, एकोणीस... केसपेपरशी जुळतायत. आणि सात." कागद उलटल्याचा आवाज आला. "सात नंबरची गोळी सकाळपासून अर्धी आहे. मी अख्खी काढून ठेवली होती."

फोनमधून गोळी मोडल्याचा बारीक 'कट्' ऐकू आला. ठमीने वेणी सोडली आणि फोनकडे बघितलं.